मिस्त्रीताईची अर्धी बादली

गोल्फच्या मैदानामागे, पाण्याच्या टाकीला खेटून, दहा बाय बाराची एक खोली आहे. तिथे काठ्या दुरुस्त होतात. दारावर पाटी नाही. ज्याची काठी मोडते त्याला कोणीतरी बोट दाखवून खोली सांगतंच. आत एक लांब टेबल, त्याला घट्ट बसवलेला लोखंडी शिकंजा, काठीचं डोकं तापवून सोडवायला गॅसची छोटी बत्ती, रबरी मुठींचा ढीग आणि भिंतीला टेकवलेली तीन नळकांडी. लाल पट्टीच्या नळकांड्यात ताठ दांडे, पिवळ्या पट्टीच्या नळकांड्यात मध्यम, हिरव्या पट्टीच्या नळकांड्यात लवचीक. कोपऱ्यात एक निळी प्लास्टिकची बादली, कायम अर्धी भरलेली. नवख्या माणसाला वाटतं, फरशी पुसायची असेल. पण त्या खोलीतली फरशी फक्त मोठे साहेब येणार असले तरच पुसली जाते, आणि साहेब वर्षातून एकदा येतात.

खोली क्लबची, राज्य मिस्त्रीताईचं. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत आहे आणि तिथेच सुखाने पडून आहे. वय एक्कावन्न, उंची बेताची, मनगटं मात्र अशी की घरात कुठल्याही बरणीचं झाकण तिच्यापुढे हट्ट करत नाही. सव्वीस वर्षं ती जुन्या मुठी सोलून काढते, नव्या चढवते, वाकलेले दांडे बदलते. माणूस कितीही मोठा असो, ती त्याच्याकडे आधी पाहत नाही. आधी त्याची काठी पाहते. मूठ कुठे झिजली आहे, डोक्यावर बॉलचे डाग कुठे आहेत, दांड्याला कुठे रागाची खूण आहे. रागाची खूण म्हणजे काठी जमिनीवर आपटल्याची. ती सगळ्यांच्या काठीवर असते आणि सगळे म्हणतात, गाडीत ठेवताना लागलं.

मग बादली. नवा दांडा मागायला आलेल्या प्रत्येकाला मिस्त्रीताई मागच्या अंगणात नेते, अर्धी बादली दोन्ही हातांनी धरायला लावते आणि सांगते, काठी फिरवता तशी फिरवा. उजवीकडे मागे न्या, डावीकडे आणा, आणि थांबा. बस्स. पाणी कुठे सांडतं ते ती पाहते. ज्याचं अंग वळत नाही तो हातांनी हिसका मारतो, आणि पाणी सुरुवातीलाच उजव्या बुटावर येतं. ज्याचं अंग छान वळतं पण पायात जोर नाही, त्याला बादली आवरत नाही, ती त्यालाच ओढून नेते आणि पाणी शेवटी डाव्या बुटावर येतं. उजवा बूट भिजला तर अंग मोकळं करा. डावा भिजला तर ताकद कमवा. दोन्ही कोरडे राहिले तर हवा तो दांडा घ्या आणि माझा वेळ खाऊ नका.

मागे एकदा एक गृहस्थ आले होते, व्यायामशाळेत जाणारे. दंड एवढे की दारातून जरा तिरकेच शिरले. त्यांना नळकांड्यातला सगळ्यात ताठ दांडा हवा होता. त्यांनी बादली उचलली ती एखादा कप उचलावा तशी, आणि असा हिसका दिला की पाणी उजव्या बुटावर तर आलंच, वर पाठीवरही गेलं. मिस्त्रीताईने त्यांना पंचा दिला आणि म्हणाली, "ताठ दांडा कशाला हवाय? तुम्ही आहात ना पुरेसे ताठ." गृहस्थ तक्रार करायला म्हणून कचेरीपर्यंत गेले आणि महिन्याभराने ओशाळं तोंड करून परत आले. तिने दिलेल्या पिवळ्या दांड्याने त्यांचा बॉल पंचवीस पावलं लांब जायला लागला होता.

बादलीची ही युक्ती मात्र तिची नव्हे. तिच्या बाबांची.

बाबा त्या मैदानावर चाळीस वर्षं कॅडी होते. दुसऱ्यांच्या बॅगा वाहायच्या, दुसऱ्यांचे बॉल गवतात शोधायचे, आणि दुसऱ्यांचं चुकलं की आपण मूग गिळून बसायचं. नळ नव्हते तेव्हा हिरवळीला बादल्यांनी पाणी घालायचं कामही कॅडींकडेच. तेव्हा बाबांच्या लक्षात आलं की, जो पाणी न सांडता बादली फिरवतो त्याचा बॉल सरळ जातो. त्यांचा स्वतःचा बॉल ओळंबा लावल्यासारखा जायचा. जुन्या-नव्या कॅडींचा दरवर्षी एक सामना होतो, तो त्यांनी लोकांच्या टाकून दिलेल्या काठ्यांनी अकरा वेळा जिंकला. ज्यांच्या काठ्या त्यांनी वापरल्या, त्यांच्यातल्या एकालाही कधी काही जिंकता आलं नाही, ही गोष्ट बाबा फार सौम्यपणे, पण न चुकता सांगतात.

आता गोल्फला ताकद महत्त्वाची की लवचीकपणा, हा प्रश्न जगात कुठे कोणी सोडवला असेल तर असो, मिस्त्रीताईच्या घरात तो वीस वर्षं जेवणाच्या टेबलावर होता. बाबा ताकदीच्या बाजूचे. "अंगात दम नसेल तर वळून काय करायचंय," ते म्हणायचे. "वळतं तर गवतसुद्धा." मिस्त्रीताई लवचीकपणाच्या बाजूची. "दम बैलातपण असतो, बाबा. बैल कुठं गोल्फ खेळतो?" तिचा नवरा शाळेची बस चालवतो, दिवसभर चाळीस मुलांचा गोंगाट ऐकून येतो आणि घरी शांतता असावी एवढीच त्याची अपेक्षा. तो एकदा म्हणाला, "म्हणजे घरात एक बैल आणि एक गवत. मी कोण?" मिस्त्रीताई म्हणाली, "तुम्ही कुंपण." त्यावर बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आई तेव्हा होती. तिने पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाली, जेवताना बोलू नका म्हटलं तर ऐकतं कोण.

आई गेली त्याला दोन वर्षं झाली. बाबा तरीही मैदानावर जात राहिले, कोणाशी फार बोलले नाहीत, पण जात राहिले. मग गेल्या हिवाळ्यात ते न्हाणीघरात घसरले आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर निघालं, मनगट जुळलं, डॉक्टरांनी पाठ थोपटली. पण त्या सहा आठवड्यांत बाबांना खिडकीजवळची खुर्ची सापडली होती, आणि ती त्यांना सोडेना. सकाळचा चहा खुर्चीत, वर्तमानपत्र खुर्चीत, दुपारची डुलकी खुर्चीत. खिडकीतून समोरची गाड्या लावायची जागा दिसायची. कोणाची गाडी तिरकी लागली, कोणी दार धाडकन आपटलं, याचा हिशेब बाबा ठेवायला लागले. मिस्त्रीताईला या गोष्टीची भीती वाटायची. ज्या माणसाने चाळीस वर्षं रोज दहा-बारा मैल तुडवले, तो आता दुसऱ्यांच्या गाड्या मोजत होता. संध्याकाळी कामावरून येऊन दार उघडलं की ती आधी खिडकीकडे बघायची, आणि खुर्चीच्या पाठीवर ते पांढरं डोकं दिसलं की चपला न काढता दारातच थांबायची. दिसलं नाही तर घाबरून हाका मारत आत धावायची.

सामन्याला तीन महिने उरले होते तेव्हा लंबूकाका आले. लंबूकाका म्हणजे बाबांचे जुने सोबती, तेही कॅडी, आता निवृत्त. सव्वासहा फूट उंच आणि आवाज त्याहून उंच. सामन्यात बाबांच्या खालोखाल त्यांचाच नंबर लागायचा आणि त्याचं दुःख ते अजून ताजं ठेवून आहेत.

"नाव घालू ना तुझं?" लंबूकाकांनी विचारलं.

बाबांनी वर्तमानपत्राची घडी करून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "घाल. पण एक सांगून ठेवतो. सातव्याचं तळं जर माझ्या बॉलने ओलांडलं नाही, तर मी तिथंच थांबणार. काठ्या पोरीला परत, आणि खेळ बंद. कायमचा."

सातव्या होलच्या सुरुवातीलाच तळं आहे. पलीकडचा काठ गाठायला बॉल एकशे वीस पावलं उडावा लागतो. बाबा तरुणपणी तो बोलता बोलता पलीकडे टाकायचे. लंबूकाका हसले, म्हणाले, बघू की. मिस्त्रीताई हसली नाही. तिला आपले बाबा माहीत होते. ती जन्मली त्या दिवशी त्यांनी विडी सोडली ती एका वाक्यात, आणि पुन्हा हाताला लावली नाही. ते तळ्याकाठी थांबले असते तर खरोखर थांबले असते. मग मैदान संपलं, लंबूकाका संपले, सकाळी उठून बूट घालायचं कारण संपलं, आणि उरली असती खुर्ची. बॉल पलीकडे पडणं तिच्या लेखी आता खेळ राहिला नव्हता.

ती कामाला लागली. सत्तरीपुढचे शेकडो खेळाडू तिच्या अंगणातून गेले होते आणि जवळपास सगळ्यांनी उजवा बूट भिजवला होता. वयाने माणूस आखडतो, हे तिला पाठ होतं. तेव्हा बाबांनाही तेच झालं असणार. तिने त्यांच्या काठ्यांना हिरव्या पट्टीचे, सगळ्यात लवचीक दांडे बसवले. रोज सकाळी अंग मोकळं करायचे व्यायाम लावून दिले: कंबर वळवा, खांदे फिरवा, पायाच्या अंगठ्याला हात लावा. बाबांनी एका शब्दाने वाद घातला नाही. सगळं केलं, आणि सहज केलं. अंगठ्याला हात लावा म्हटलं तर त्यांचा अख्खा तळहात जमिनीला टेकला. एवढं डोळ्यांसमोर होऊनही मिस्त्रीताईच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आपलंच बरोबर आहे असं एकदा ठरलं की शहाण्या माणसालाही समोरचं दिसत नाही, आणि मिस्त्रीताईला आपण शहाणे असल्याबद्दल कधीच शंका नव्हती.

आणि बादली? बादलीबद्दल तिने बाबांना विचारलंच नाही. ज्या माणसाने ती शोधून काढली, ज्याने तिला वयाच्या विसाव्या वर्षी अंगणात उभं करून शिकवलं, त्याच्या हातात तीच बादली देऊन आता तुमची परीक्षा घेते म्हणायचं, हे तिला जमेना. सगळ्या गावाला बादली फिरवायला लावणाऱ्या बाईने घरातला एक माणूस तेवढा सोडला होता.

सरावाच्या मैदानावर बाबांचा बॉल डावीकडे गेला. दुसराही डावीकडे. तिसरा कुंपणाच्या जाळीत जाऊन अडकला. दहा बॉल झाल्यावर ते बाकावर जाऊन बसले. मिस्त्रीताई म्हणाली, अंग अजून मोकळं व्हायला हवं, आणि व्यायाम वाढवले. हिरव्यातलेही सगळ्यात मऊ दांडे शोधून घातले. बॉल आणखी डावीकडे जायला लागले. असे दोन आठवडे गेले, तीन गेले. एका सकाळी बाबा खुर्चीतून उठले नाहीत. "आज नको," म्हणाले. दुसऱ्या दिवशीही नको. पाचव्या दिवशी त्यांनी खिडकीतून नजर न काढता सांगितलं, "मला नाही जमत आता, पोरी. तू उगाच त्रास करून घेतेयस."

हे वाक्य मिस्त्रीताईने बाबांच्या तोंडून आयुष्यात ऐकलं नव्हतं. मनगट मोडलं तेव्हाही नाही, आई गेली तेव्हाही नाही. ती कामावर गेली, शिकंज्यात एक काठी आवळली, आणि मूठ सोलता सोलता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कोणी विचारलं असतं तर म्हणाली असती, डिंकाचा वास झोंबतो. कोणी विचारलं नाही.

त्या रविवारी सकाळी बाबा स्वतःच खोलीवर आले. काठ्यांची बॅग खांद्यावर नव्हती, जावयाने बसमधून आणून दारात ठेवली होती. "ठेव ह्या तुझ्याकडे," बाबा म्हणाले. "लंबूला सांग नाव काढायला."

तेवढ्यात अंगणातून हाक आली. तिथे एक गिऱ्हाईक होतं, दातांची डॉक्टर, नवीनच खेळायला लागलेली. तिला बादली कशी धरायची तेच कळत नव्हतं. एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने बूड धरून ती उभी होती, जणू कोणाच्या डोक्यावर पाणी ओतायचं आहे. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. चुकीचं धरलेलं त्यांना कधीच बघवत नाही.

"असं नाही, बाई. इकडे द्या."

त्यांनी बादली घेतली. पाय रोवले, आणि उजवीकडे वळले. मिस्त्रीताई दारातून बघत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, आणि अंग असं वळलं की समोर उभ्या माणसाला त्यांची पाठ दिसली. बादलीतलं पाणी हललंसुद्धा नाही. मग ती खाली आली, गोल, संथ, उजव्या बुटावर थेंब नाही. आणि मग ती थांबली नाही. ती डावीकडे गेली आणि जातच राहिली, बाबा तिच्यामागे ओढले गेले, डावा गुडघा लपकन वाकला, आणि सगळं पाणी त्यांच्या डाव्या बुटावर आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या चपलांवर आलं. मिस्त्रीताईने धावत जाऊन कोपर धरलं म्हणून ते पडले नाहीत.

बाबा आपल्या बुटाकडे बघत होते.

"डावा," ते म्हणाले.

"डावा म्हणजे काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

उत्तर मिस्त्रीताईला द्यावं लागलं, आणि ते तिला औषधासारखं कडू लागलं. "डावा म्हणजे अंग छान वळतंय. आवरायला पायात जोर नाही."

आणि पायात जोर कुठून असणार? पाच महिने ते पाय, सरावाचे थोडे दिवस सोडले तर, खुर्चीपासून न्हाणीघरापर्यंत आणि न्हाणीघरापासून खुर्चीपर्यंत एवढंच चालले होते. बाबांचं अंग आखडलेलं नव्हतंच, ते जन्माचं मोकळं होतं, वयानेही त्याचं काही बिघडवलं नव्हतं. फिरवताना पाय ढिले पडले की हात एकटेच पुढे जात होते आणि बॉलला डावीकडे फेकत होते. वर तिने दांडे असे मऊ घातले की उरलासुरला आधारही गेला. जे त्यांच्याकडे भरपूर होतं तेच ती महिनाभर त्यांना आणखी देत बसली होती.

"माझं चुकलं, बाबा," ती म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "कुठंतरी लिहून ठेव," ते म्हणाले. "तारीख घालून."

पाच महिन्यांत ते पहिल्यांदाच चिडवत होते. मिस्त्रीताईचा जीव भांड्यात पडला. पण बाबांचं संपलं नव्हतं. त्यांनी नळाखाली बादली अर्धी भरली आणि तिच्या हातात दिली. "आता तू."

"मी कशाला?"

"किती वर्षं झाली फिरवून?"

तिने हिशेब केला. वीस तरी झाली असतील. तिने बादली फिरवली, आणि उजवा बूट, उजवा मोजा, उजव्या पायाची सलवार गुडघ्यापर्यंत भिजली. सव्वीस वर्षं टेबलावर वाकून मुठी ओढण्याने मनगटं लोखंडाची झाली होती आणि पाठ फळीची. बाबांनी तिच्या उजव्या बुटाकडे बोट दाखवलं. दातांच्या डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला जे हवंय ते त्यांच्याकडे आहे, आणि त्यांना जे हवंय ते तुमच्याकडे." वीस वर्षांचा जेवणाच्या टेबलावरचा वाद बाईंनी ओल्या चपलांनी उभ्या उभ्या मिटवला. बाप-लेक दोघांनाही ते फारसं आवडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरात दोन व्यायाम सुरू झाले. बाबांचा खुर्चीत. हात छातीवर बांधायचे आणि टेकू न घेता उठायचं, पुन्हा बसायचं, पुन्हा उठायचं. पहिल्या दिवशी चारदा झालं आणि पाचव्यांदा ते धपकन बसले. कुंपण, म्हणजे जावई, बसच्या फेरीला जाण्याआधी समोर चहा घेऊन मोजायचा. "सहा, बाबा. काल पाच होते." "मला मोजता येतं, जावईबापू." "मग सात करा." शेजारी मिस्त्रीताई दाराची चौकट धरून कंबर वळवायची आणि कण्हायची. "आवाज कमी," बाबा म्हणायचे. "मी उठतोय तर गप्प उठतोय." चार आठवड्यांनी वीस उठाबशा झाल्या. मग जिने. आधी एक मजला, मग दोन, मग वरपर्यंत जाऊन गच्चीचं दार वाजवून परत. एके दिवशी संध्याकाळी मिस्त्रीताईने दार उघडून सवयीने खिडकीकडे पाहिलं, खुर्ची रिकामी होती, आणि ती घाबरायच्या आत बाबा तिच्या मागून जिना चढून वर आले. धापा टाकत म्हणाले, "बाजूला हो, दारात काय उभी राहतेस."

हिरवे दांडे तिने स्वतः काढून टाकले आणि पिवळे बसवले. लाल बाबांनी मागितले होते. मिस्त्रीताईने स्वच्छ नाही म्हटलं, कारण चूक मान्य करणं वेगळं आणि बाबांना हरभऱ्याच्या झाडावर चढवणं वेगळं. बॉल डावीकडून हळूहळू मधे यायला लागला. पल्ला मात्र बेताबेतानेच वाढला. शंभर पावलं. एकशे पाच. सामन्याच्या आठवड्यात एकशे बारा, तेही वारा पाठीशी असताना. एकशे वीस एकदाही नाही. मिस्त्रीताई रोज पावलं मोजायची आणि घरी येताना त्याबद्दल बोलायची नाही. बाबाही बोलायचे नाहीत. दोघांनाही तळं किती रुंद आहे ते माहीत होतं.

सामन्याच्या दिवशी बाबांची बॅग मिस्त्रीताईने उचलली. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या बॅगा वाहिलेल्या माणसाला पहिल्यांदाच कॅडी मिळाला होता, आणि त्यांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. "दोन पावलं मागे. सावली माझ्या बॉलवर नको. बोलू नकोस." पहिले सहा होल बाबा नेटके खेळले. लंबूकाकांचा बॉल लांब जायचा आणि झाडीत जायचा, बाबांचा आखूड जायचा आणि मधल्या मोकळ्या गवतावर पडायचा. सहाव्यानंतर लंबूकाका एका फटक्याने मागे होते आणि त्यांच्या आवाजाची उंची जरा कमी झाली होती.

सातव्यावर तळं होतं. वारा नव्हता, पाणी अगदी निवांत पडलं होतं. मागे पाचसहा जुने कॅडी येऊन उभे राहिले. बाबा काय म्हणाले होते ते लंबूकाकांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही.

मिस्त्रीताईने काठी दिली. तिला म्हणायचं होतं, बाबा, नका मनावर घेऊ, पण बोलायची परवानगी नव्हती. बाबा उभे राहिले, वळले, काठी फिरवली. पाय जागचे हलले नाहीत. गेल्या वर्षभरात लागला नव्हता इतका सुरेख फटका लागला. बॉल सरळ वर गेला, तळ्यावरून गेला, गेला, आणि पलीकडच्या काठापासून दोन हात अलीकडे पाण्यात पडला. डुबुक असा लहानसा आवाज आला.

लंबूकाका, जे गप्प बसण्यासाठी प्रसिद्ध नाहीत, आपल्या बुटांकडे बघायला लागले. मिस्त्रीताई पाण्यावरची वर्तुळं बघत होती. तिला खुर्ची दिसत होती, आणि त्या खुर्चीच्या पाठीवरचं पांढरं डोकं. तिला वाटलं, आता ते काठी माझ्या हातात देतील आणि मी ती घेईन, आणि घेताना मला रडायचं नाही.

बाबांनी हात पुढे केला. हातात काठी नव्हती, ती त्यांनी बगलेत धरली होती. तळहात रिकामा होता.

"दुसरा बॉल दे."

तिने बॅगेचा कप्पा उघडला. तळातून एक बॉल काढला. तो बाबांच्या हातावर ठेवला तेव्हा त्यांनी तळ्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि मग तळ्याच्या डाव्या अंगाने, जिथे नुसतं गवत आहे आणि जिथून वळसा घालून पलीकडे जाता येतं, तिकडे शांतपणे साठ-सत्तर पावलांचा एक सोपा फटका मारला. बॉल पायवाटेशेजारी जाऊन थांबला. बाबांनी काठी तिच्याकडे दिली आणि वाटेला लागले.

लंबूकाकांना राहवलं नाही. ते लांब ढांगा टाकत बाबांच्या बरोबरीने आले. "काय रे, तू तर म्हणाला होतास, तळं ओलांडलं नाही तर तिथंच थांबणार."

"म्हटलं होतं," बाबा म्हणाले. त्यांनी चाल कमी केली नाही. "तेव्हा मी बसलेलो होतो."

लंबूकाका दोन पावलं मागे पडले. बाबा तोवर तळ्याच्या वळणापर्यंत पोचले होते, आणि खांद्यावरची बॅग सावरत त्यांना गाठायला मिस्त्रीताईला भरभर चालावं लागलं.